‘आय कॅन व्हाउच फॉर हिम’ लिहिण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. सातपूरच्या एका कारखान्यातल्या सुपरवायझरना पुण्याच्या कंपनीकडून मेल आला आहे. त्यांच्या हाताखाली पूर्वी काम केलेल्या एका मुलानं तिथे अर्ज केलाय आणि मेलच्या शेवटी एकच ओळ आहे : ‘कॅन यू व्हाउच फॉर हिम?’ त्यांनी कोश पाहिला, तिथे ‘हमी देणे, जामीन राहणे’ असं दिलेलं. आता त्यांना धास्ती पडली आहे की नुसतं ‘येस’ लिहिलं आणि उद्या मुलानं काही घोळ घातला, तर ते आपल्या गळ्यात येईल का? शिवाय हा शब्द वाक्यात नेमका बसवायचा कसा आणि ‘गॅरंटी’पेक्षा तो वेगळा कसा, हेही त्यांनी विचारलंय.

नाशकात इंग्रजी शिकवणं आणि लोकांची इंग्रजी पत्रं नीट करून देणं हा माझा बऱ्याच वर्षांचा उद्योग. अंबड-सातपूरचे कारखाने, द्राक्षं बाहेर पाठवणारे, परदेशी शिकायला निघालेली पोरं, अशा सगळ्यांची पत्रं हाताखालून जातात. त्यात हा शब्द वारंवार भेटतो आणि बहुतेक वेळा नको तिथे भेटतो. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

आधी सरळ उत्तर. ‘आय कॅन व्हाउच फॉर हिम’ म्हणजे ‘हा माझ्या पाहण्यातला आहे, माणूस खात्रीचा आहे, माझ्या सांगण्यावर विसंबा.’ यात पैशाची जबाबदारी येत नाही. पणाला लागतं ते तुमचं नाव. मुलगा उद्या वाईट निघाला तर पुण्याची कंपनी तुमच्याकडे भरपाई मागायला येणार नाही, पण पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला तिथे किंमत उरणार नाही. तेव्हा मेलला उत्तर द्यायला घाबरू नका. फक्त ‘येस’ एवढंच लिहून मोकळे होऊ नका. कारण या क्रियापदात सगळं वजन ‘फॉर’च्या पुढे काय येतं यावर असतं, आणि ते ठरवणं तुमच्या हातात आहे.

मराठीत याला एक शब्द शोधायला गेलात तर फसाल. ‘हमी’ भविष्याबद्दल असते : माल पंधरा दिवसांत पोचेल, मोटार दोन वर्षं चालेल. ‘जामीन’ म्हटलं की कागद, सही आणि वसुली आली. ‘ग्वाही देणे’ आणि ‘निर्वाळा देणे’ हे अर्थानं बरेच जवळचे, पण आज ते भाषणात आणि अग्रलेखात जास्त दिसतात, तोंडात कमी. बोलताना आपण काय म्हणतो? ‘माझ्या माहितीतला मुलगा आहे.’ ‘स्थळ आमच्या पाहण्यातलं आहे, डोळे झाकून पुढे जा.’ ‘त्याच्याबद्दल मी खात्रीनं सांगतो.’ हेच ‘व्हाउच फॉर’. ‘पाहण्यातलं’ या शब्दात जे आहे, म्हणजे मी स्वतः पाहिलंय, ऐकीव नाही, तोच या इंग्रजी क्रियापदाचा गाभा. ऐकीव माहितीवर कुणी ‘व्हाउच’ करत नाही. केलं तर तो खोटेपणा धरला जातो.

दोन जवळचे मराठी प्रकार इथे बाजूला काढून ठेवायला हवेत. ‘शब्द टाकणे’ म्हणजे विनंती : ‘साहेबांकडे माझ्यासाठी जरा शब्द टाका.’ इंग्रजीत त्याला ‘पुट इन अ गुड वर्ड’ म्हणतात, आणि त्यात बोलणाऱ्यानं खात्री दिलीच पाहिजे असं नाही. दुसरा वशिला. वशिल्यात बोलणाऱ्याचं पद काम करतं, त्याला उमेदवार ठाऊक नसला तरी चालतं. ‘व्हाउच’मध्ये उलट : पद शिपायाचं असलं तरी चालेल, माणूस ठाऊक पाहिजे. आपल्याकडे शिफारसपत्र म्हटलं की लोक सर्वांत मोठ्या हुद्द्याच्या माणसाची सही मिळवायला धावतात. परदेशी विद्यापीठांना पाठवायच्या पत्रांत हे हमखास दिसतं. प्राचार्यांची सही असते, पत्रात मात्र मुलाबद्दल एकही अशी गोष्ट नसते जी प्रत्यक्ष शिकवणाऱ्यालाच ठाऊक असणार. वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

आता कोशातल्या ‘जामीन राहणे’ या अर्थाबद्दल. तो चूक नाही, इतिहासातून आलेला आहे. क्रियापदाचं मूळ लॅटिनमधल्या ‘व्होकारे’ म्हणजे बोलावणे यात आहे, आणि जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत आलं. मध्ययुगीन इंग्लंडात तुमच्या जमिनीवर कुणी दावा लावला, की ती जमीन तुम्हाला ज्यानं दिली त्याला तुम्ही कोर्टात बोलावून घेऊ शकत होता : ये, आणि सांग की ही तूच दिलीस, मालकी खरी आहे. या बोलावण्याला ‘व्हाउच टू वॉरंटी’ म्हणत. तो बोलावलेला माणूस खटला हरला तर त्याला तेवढ्याच किमतीची दुसरी जमीन तुम्हाला द्यावी लागे. म्हणजे त्या काळात या शब्दात खरोखरच भरपाई होती. पुढे कोर्टातली ती रीत गेली, भरपाईचा भाग गळला, आणि कुणासाठी तरी उभं राहून ‘हे खरं आहे’ म्हणणं तेवढं शब्दात शिल्लक राहिलं.

आपल्या जुन्या दप्तरांत याच गोष्टीचे तुकडे फार नीट पाडलेले सापडतात. माणूस बोलावल्यावर हजर राहील याची जबाबदारी घेणारा तो हाजिरजामीन, पैसे भरले जातील याची घेणारा तो मालजामीन, आणि वागणूक चांगली राहील याची घेणारा तो फैलजामीन. आजही पोलीस ‘चॅप्टर केस’ करतात, म्हणजे गुन्हा घडू नये म्हणून आधीच कारवाई करतात, तेव्हा चांगल्या वर्तणुकीसाठी जामीनदार मागतात, तो या फैलजामिनाचाच वंशज म्हणायचा. ‘व्हाउच फॉर’ अर्थानं फैलजामिनाच्या शेजारी बसतं, कारण दोन्हीकडे विषय माणसाचं चारित्र्य आहे. फरक इतकाच की जामीनदाराच्या मागे मुचलका असतो आणि ‘व्हाउच’ करणाऱ्याच्या मागे फक्त त्याची पत.

हा फरक नाशिककराला सर्वांत चांगला कळतो तो द्राक्षाच्या हंगामात. दिंडोरी-निफाडकडे बागेत व्यापारी येतो, किलोचा भाव ठरतो, थोडे पैसे हातात आणि बाकी माल गेल्यानंतर. व्यापारी बाहेरचा, बागायतदाराला अनोळखी. मग मध्ये गावातलाच कुणीतरी बोलतो. तो दोन प्रकारे बोलू शकतो. एक : ‘मागच्या तीन हंगामांत यानं माझा माल नेला, एक रुपया बुडवला नाही. माणूस चांगला आहे.’ दुसरा : ‘तुम्ही माल द्या. त्यानं पैसे नाही दिले तर मी देतो.’ पहिलं वाक्य म्हणजे ‘व्हाउच फॉर’. दुसरं म्हणजे गॅरंटी. घाईत, गाडी उभी आणि मजूर पेट्या भरतायत अशा वेळी, लोक पहिलं ऐकतात आणि दुसरं ऐकल्यासारखं समजतात. पैसे बुडवून व्यापारी गायब झाल्यावर गावात जी भांडणं होतात, त्यातली बरीच या दोन वाक्यांतल्या फरकावरून असतात. मधला म्हणतो, मी फक्त ओळख सांगितली. बागायतदार म्हणतो, तुझ्या शब्दावर मी माल दिला. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात.

कायदा या दोन वाक्यांना दोन वेगळ्या खणांत ठेवतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२६ प्रमाणे गॅरंटीचा करार म्हणजे तिसऱ्या माणसानं आपलं देणं चुकवलं तर ते आपण पार पाडू, असं दिलेलं वचन. त्यात तीन पक्ष हवेत : मूळ ऋणको (ज्याच्यावर देणं आहे तो), धनको (ज्याचं येणं आहे तो) आणि जामीनदार. कलम १२८ म्हणतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. पतसंस्थेच्या कर्जावर मित्राखातर सही केलेल्यांना हे कलम नंबरानं ठाऊक नसलं तरी अनुभवानं पाठ असतं. ‘माणूस चांगला आहे’ या वाक्यात देणं फेडायचं वचनच नाही, त्यामुळे ते कलम १२६ मध्ये बसत नाही.

मात्र एक धोका इथे आहे. आपल्याकडे गॅरंटी तोंडीही चालते, कलम १२६ मध्येच तसं म्हटलंय. इंग्लंडात १६७७ च्या ‘स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स’पासून दुसऱ्याच्या देण्याची हमी लेखी आणि सही असलेली लागते. तिथे ‘आय विल पे इफ ही डझन्ट’ नुसतं तोंडानं म्हटलेलं कोर्टात टिकवणं अवघड. इथे तसं नाही. इंग्रजी लिहिताना जोर आणायचा म्हणून ‘आय व्हाउच फॉर हिम अँड टेक फुल रिस्पॉन्सिबिलिटी’ असं जोडून देणारे मी पाहतो. अर्धं वाक्य ओळखीचं आणि अर्धं जबाबदारीचं. ते दुसरं अर्ध वाक्य शोभेसाठी लिहू नका. खरंच घ्यायची असेल तर वकिलाला दाखवून घ्या.

मग नुसतं ‘व्हाउच’ करणारा पूर्ण सुरक्षित का? तेही नाही, आणि तुमच्या धास्तीत जो थोडा अर्थ आहे तो इथे आहे. १७८९ मध्ये इंग्लंडात ‘पास्ली विरुद्ध फ्रीमन’ हा खटला झाला. एका व्यापाऱ्याला विचारलं गेलं की अमुक माणसाला उधारीवर माल देणं सुरक्षित आहे का. त्यानं खोटं आहे हे माहीत असताना ‘सुरक्षित आहे’ म्हणून सांगितलं. माल गेला, पैसे बुडाले. कोर्टानं म्हटलं की खोटं सांगणाऱ्याचा या सौद्यात स्वतःचा काही फायदा नसला तरी फसवणुकीची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. पुढे १८२८ मध्ये तिथे कायदाच झाला की दुसऱ्याची पत किती याबद्दलच्या अशा विधानावरून दावा लावायचा तर ते विधान लेखी आणि सही असलेलं हवं. विसाव्या शतकात गोष्ट आणखी पुढे गेली. १९६३ च्या ‘हेडली बर्न’ खटल्यात एका बँकेनं दुसऱ्याची पत किती याबद्दल निष्काळजीपणे अभिप्राय दिला होता. हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, मान्य केलं की अशा शब्दांमुळेही जबाबदारी येऊ शकते. बँक सुटली ती अभिप्रायावर ‘आमच्यावर जबाबदारी नाही’ असं आधीच लिहून ठेवल्यामुळे. आणि १९९४ च्या ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अश्युरन्स’ खटल्यात तर उलटी बाजू आली : जुन्या मालकानं निष्काळजीपणे वाईट अभिप्राय दिला म्हणून ज्याला नोकरी मिळाली नाही त्या माणसानं दावा लावला, आणि अभिप्राय देणाऱ्यानं त्याच्याबाबतीतही काळजी घ्यायला हवी होती, असं ठरलं.

हे सगळे विलायती खटले आहेत, तुमच्या मेलवर थेट लागू नाहीत. पण ज्या समाजात हा शब्द वाढला तिथे तो इतका मोजून-मापून का वापरतात हे त्यावरून कळतं. इंग्रज किंवा अमेरिकन माणूस ‘आय कॅन व्हाउच फॉर हर’ म्हणतो तेव्हा वाचणारा त्याला उगीच केलेली स्तुती समजत नाही.

आता वापराकडे येऊ. उच्चार ‘व्हाउच’, ‘पाउच’शी यमक जुळतं. जोर ‘व्हाउच’वर पडतो, ‘फॉर’ अगदी हलकं, जवळजवळ ‘फ’ ऐकू येतं. वाक्याच्या शेवटी आलं तर मात्र पूर्ण उच्चारतात : ‘ही इज समवन आय कॅन व्हाउच फॉर.’ फ्रेजल व्हर्ब म्हणून ते शिकवलं जात असलं तरी व्याकरणाच्या दृष्टीनं ‘फॉर’ हे इथे शब्दयोगी अव्यय आहे. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच की दोन्ही शब्द फोडता येत नाहीत. ‘पिक हिम अप’ चालतं, ‘व्हाउच हिम फॉर’ चालत नाही.

‘फॉर’ही सोडता येत नाही. ‘आय व्हाउच हिम’ ही आमच्या वर्गातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक. त्याखालोखाल ‘व्हाउच अबाउट हिम’, कारण डोक्यात ‘त्याच्याबद्दल’ असतं. मग ‘व्हाउच ऑन हिम’ येतं, कारण डोक्यात ‘त्याच्यावर विश्वास’ असतो. आणि ‘आय गिव्ह माय व्हाउच’ हे तर सरळ ‘मी हमी देतो’चं भाषांतर. ‘व्हाउच’ हे नाम म्हणून नेहमीच्या इंग्रजीत वापरत नाहीत, म्हणून ते द्यायला-घ्यायला मिळत नाही.

‘फॉर’नंतर काय येऊ शकतं? माणूस : ‘फॉर हर’. गुण : ‘फॉर हिज ऑनेस्टी’, ‘फॉर देअर वर्कमनशिप’. वस्तू किंवा माहिती : ‘फॉर द ॲक्युरसी ऑफ धिस फिगर’. घटना सांगायची असेल तर ‘आय कॅन व्हाउच फॉर द फॅक्ट दॅट ही वॉज हिअर’, किंवा ‘फॉर’ गाळून ‘आय कॅन व्हाउच दॅट ही वॉज हिअर’. दोन्हींची खिचडी करून ‘व्हाउच फॉर दॅट ही वॉज हिअर’ मात्र नको.

सोबतचं सहायक क्रियापद लक्ष देऊन पाहण्यासारखं आहे. बहुतेक वेळा तिथे ‘कॅन’ असतं. हे ‘कॅन’ ताकदीचं नाही, माहितीचं आहे : मला ठाऊक आहे, म्हणून मी सांगू शकतो. ‘आय विल व्हाउच फॉर यू’ म्हणजे वेळ आली की मी तुझ्या बाजूनं उभा राहून सांगेन. हे उमेदवाराला सांगायचं वाक्य, कंपनीला नव्हे. ‘आय व्हाउच फॉर हिम’ असं कोरडं वर्तमानकाळी वाक्य शपथेसारखं गंभीर वाटतं, रोजच्या मेलमध्ये जड होतं. ‘आय ॲम व्हाउचिंग फॉर हिम’ हा आपल्याकडचा लाडका ‘-इंग’. तुम्ही या क्षणी कुणासमोर त्याच्या बाजूनं बोलत असाल तरच तो शोभेल. कर्मणी रूपही चालतं : ‘ही वॉज व्हाउच्ड फॉर बाय टू ओल्ड मेंबर्स.’ जुन्या क्लबांत नवा सभासद घ्यायचा तर सुचवणारा आणि अनुमोदन देणारा लागतो, तिथलं हे वाक्य.

नकारी रूप माझ्या मते होकारीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. ‘आय कान्ट व्हाउच फॉर इट्स ॲक्युरसी’ म्हणजे माहिती खोटी आहे असा आरोप नाही; मी तपासलेली नाही, एवढंच. आपल्या व्हॉट्सॲपवर लोक ‘फॉरवर्डेड ॲज रिसीव्ह्ड’ लिहून हात झटकतात, त्यामागे हाच भाव असतो. पण माणसाबद्दल हेच वाक्य वापरताना जपा. ‘आय कान्ट व्हाउच फॉर हिम’ एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी काळंबेरं आहे आणि हा सांगत नाही. खरंच फारशी ओळख नसेल तर ‘आय डोन्ट नो हिम वेल इनफ टु व्हाउच फॉर हिम’ लिहा. दोष उमेदवाराकडून निघून तुमच्या अपुऱ्या ओळखीवर येतो आणि कुणाचं नुकसान होत नाही.

हे क्रियापद फक्त गंभीर कामाला लागतं असंही नाही. बाहेरगावच्या मित्राला तुम्ही नाशकातल्या एखाद्या मिसळीचं ठिकाण सुचवलंत आणि म्हणालात, ‘द पार्किंग इज टेरिबल, बट आय कॅन व्हाउच फॉर द मिसळ,’ तर ते अगदी नैसर्गिक इंग्रजी आहे. स्वतः खाल्लीय, म्हणून सांगतोय. इथे ‘स्वेअर बाय’शी गल्लत करू नका. ‘माय ग्रँडमदर स्वेअर्स बाय टर्मरिक मिल्क’ यात आजीचा हळदीच्या दुधावर गाढ विश्वास आहे आणि ती ते घेते, घ्यायला लावते. पण ती कुणाला खात्री पटवून देत बसलेली नाही. ‘आन्सर फॉर’ म्हणजे दुसऱ्याच्या कृत्याचा जाब आपण देणं, तो बराच जड शब्द आहे. ‘अटेस्ट टू’ जास्त औपचारिक, कागदाकडे झुकणारा. कागदावरची सही खरी आहे हे सांगणारा ‘अटेस्ट’ करतो. राजपत्रित अधिकाऱ्याच्या शिक्क्यासाठी झेरॉक्स घेऊन फिरलेल्या पिढीला हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको.

सर्वांत मोठा घोळ मला दिसतो तो स्वतःबद्दल हा शब्द वापरण्यात. नोकरीच्या अर्जात ‘आय व्हाउच फॉर माय सिन्सेरिटी’, निर्यातदाराच्या मेलमध्ये ‘वी व्हाउच फॉर द क्वालिटी ऑफ अवर ग्रेप्स’. या शब्दाला तिसरा माणूस लागतो. स्वतःच स्वतःचा साक्षीदार होता येत नाही, आणि विकणाऱ्यानं आपल्याच मालाची अशी खात्री दिली की इंग्रजी वाचणारा हसतो. बायोडेटाच्या तळाला आपण ‘आय हिअरबाय डिक्लेअर’ लिहितो, ते आहे तसंच ठीक. ते जाहीर करणं आहे. निर्यातदारानं काय लिहावं? युरोपच्या खरेदीदाराला तुमच्या भावना नको असतात, त्याला कीटकनाशकाच्या उर्वरित अंशाचा प्रयोगशाळेचा अहवाल हवा असतो आणि पेटी कुठल्या बागेतून आली ते कळायला हवं असतं. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था २००६ पासून याचसाठी आहे. तेव्हा ‘द कन्साइनमेंट हॅज बीन टेस्टेड, रिपोर्ट अटॅच्ड’ लिहा. प्रयोगशाळा ‘सर्टिफाय’ करते, तुम्ही करारात ‘गॅरंटी’ देता आणि तुमचा जुना खरेदीदार नव्याला तुमच्याबद्दल सांगतो तेव्हा तो ‘व्हाउच’ करतो. ‘आवर बायर्स इन रॉटरडॅम विल व्हाउच फॉर अस’ हे वाक्य मात्र जरूर लिहा, तसे खरेदीदार असतील तर.

कचेरीतल्या मंडळींना इथे ‘व्हाउचर’ आठवलं असेल. नातं खरं आहे. खर्च झाला याची साक्ष देणारा कागद तो व्हाउचर, पेटी कॅशच्या फायलीत लावतात तो. पण लेखापरीक्षणातलं ‘व्हाउचिंग’ आणि आपलं ‘व्हाउच फॉर’ एक नव्हे. ऑडिटर वहीतली नोंद घेऊन तिचा मूळ कागद शोधतो, त्याला ‘व्हाउच ॲन एन्ट्री’ म्हणतात. तिथे ‘फॉर’ लागत नाही. त्यानं ‘व्हाउच फॉर द अकाउंट्स’ म्हटलं तर अर्थ पार बदलेल, म्हणून त्याच्या अहवालात हिशेब ‘ट्रू अँड फेअर व्ह्यू’ देतात असं त्याचं मत असतं, खात्री नसते. सी.ए.च्या पोरांनी एवढं ध्यानात ठेवलं की पुरे.

कागदांच्या जगात ही तोंडी साक्ष कमी होत गेली आहे, पण संपलेली नाही. पूर्वी बँकेत खातं उघडायचं तर जुन्या खातेदाराची ओळख लागायची. केवायसी आल्यावर ती गेली. पासपोर्टच्या अर्जात मात्र अजून दोन ओळखीच्या माणसांची नावं मागतात. आधार आलं तेव्हा ज्याच्याकडे एकही कागद नाही त्याच्यासाठी ‘इंट्रोड्यूसर’ची सोय ठेवली होती, म्हणजे नेमलेला माणूस सांगे की हा हाच. ब्रिटिश पासपोर्टच्या पहिल्या अर्जाला तर नात्यात नसलेला, किमान दोन वर्षं ओळखणारा, मान्य व्यवसायातला किंवा समाजात पत असलेला माणूस ओळख पटवायला लागतो. हे सगळं कृतीनं ‘व्हाउच’ करणंच आहे, फॉर्मवर शब्द वेगळा छापलेला असतो इतकंच.

तर तुमच्या मेलकडे. त्या एका ओळीच्या प्रश्नात ‘हिम’ आहे, म्हणजे अख्खा माणूस. अख्ख्या माणसाची खात्री कुणाला देता येते? तुम्ही त्याला कारखान्यात पाहिलंय. तेव्हा उत्तरात ‘हिम’ फोडा : काय ठाऊक आहे, किती काळ पाहिलं, काय ठाऊक नाही. मी असं लिहीन :

‘ही वर्क्ड अंडर मी इन द टूल रूम फॉर थ्री इयर्स. आय कॅन व्हाउच फॉर हिज वर्कमनशिप अँड हिज पंक्च्युॲलिटी. ही नेव्हर हँडल्ड परचेस ऑर कॅश व्हाइल ही वॉज विथ अस, सो आय कान्ट स्पीक टु दॅट. आय वुड हॅपिली हॅव हिम बॅक ऑन माय टीम.’

मराठीत : तीन वर्षं टूल रूममध्ये माझ्या हाताखाली होता. कामाची सफाई आणि वेळ पाळणं याबद्दल मी खात्रीनं सांगतो. खरेदी किंवा रोख रक्कम त्याच्याकडे कधी नव्हती, म्हणून त्याविषयी मी काही सांगू शकत नाही. पुन्हा माझ्याकडे आला तर मी आनंदानं घेईन. तीन वर्षं हा आकडा आणि टूल रूम हे मी कल्पनेनं घातलंय, तुम्ही तुमचं खरं घाला.

यातलं तिसरं वाक्य गाळायचा मोह होईल, की उगाच कशाला मुलाबद्दल नकारी काही लिहायचं. मी ते ठेवीन. ‘स्पीक टु दॅट’ म्हणजे त्या बाबतीत माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. ‘स्पीक फॉर’ लिहू नका, त्याचा अर्थ त्याच्या वतीनं बोलणं असा होतो. त्या वाक्यामुळे पहिल्या दोन गुणांबद्दल तुम्ही जे म्हणालात ते वाचणाऱ्याला जास्त खरं वाटतं. आणि पुढे त्यांनी त्याला स्टोअर्समध्ये टाकलं आणि काही कमी-जास्त झालं, तर तुम्ही काय म्हणाला होता ते मेलवर लिहिलेलं असेल.

शेवटचं वाक्य मात्र मनापासून लिहिता येत असेल तरच ठेवा. पुण्याचे लोक बहुधा आधी तेच वाचतील. आणि मेल पाठवण्याआधी एच.आर.ला विचारून घ्या. काही कारखान्यांत माजी कामगाराबद्दल फक्त हुद्दा आणि नोकरीचा काळ एवढंच कळवायचा नियम असतो. तुमच्याकडे तसा असेल तर कंपनीच्या मेलवरून ‘व्हाउच’ हा शब्द लिहायचा प्रश्नच येत नाही.